आपण नेमकं कशाला हसलो?

विनोदाचा पाठ घेताना दोन एकपात्री प्रयोग शेजारी ठेवा. पु. ल. देशपांडे यांच्या 'बटाट्याची चाळ'मध्ये मुंबईच्या चाळकऱ्यांची फजिती आहे, कोट्या आहेत. लक्ष्मण देशपांडे यांच्या 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये मराठवाड्यातलं खेडं विमानात चढतं आणि एकच नट पन्नासावर पात्रं उभी करतो.

मग मुलांना विचारा, हसू कशाचं आलं? आपल्या जालन्याकडचं लेकरू घरी 'कामून' म्हणतं, पण वर्गात हसतील म्हणून गप्प बसतं. 'वऱ्हाड'मध्ये हसू येतं ते गावाच्या सवयी विमानात तशाच चालू राहतात म्हणून. बोली त्या प्रसंगात जीव ओतते. हे कळलं की प्रत्येकाला घरची एक फजिती घरच्याच बोलीत सांगायला लावा. गप्प बसणारं लेकरूही बोलेल.