सात वर्षं झाली म्हणून नोंद पुसली जात नाही

प्रश्न : मी एका सूतगिरणीत नोकरीला होतो. २०१५ मध्ये बँकेकडून दीड लाखाचं वैयक्तिक कर्ज घेतलं. वर्षभर हप्ते भरले, मग काम सुटलं आणि हप्ते थकले. आता उत्पन्न नियमित आहे. घरकर्जासाठी गेलो तर मॅनेजरसाहेब म्हणाले, सिबिल खराब आहे. एक एजंट सांगतो, सात वर्षांनी नोंद आपोआप जाते, तुमची राहिलीये, आठ हजारांत काढून देतो. दुसरीकडे वसुलीवाल्यांचा रोज फोन : चाळीस हजार भरा, सेटलमेंटचं पत्र देतो, नाहीतर घरी पोलीस येतील. काय करू?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एजंटला एक रुपयाही देऊ नका आणि वसुलीवाल्याला आज काही कबूल करू नका. कर्ज फेडायचं आहेच, पण कोणाला आणि कोणत्या कागदावर, ते आधी ठरवू.

सात वर्षांची समजूत इतकी पसरली आहे की बँकेतले काही लोकही ती सांगतात. अमेरिकेत बहुतेक थकबाकीच्या नोंदी सात वर्षांनी अहवालातून काढाव्या लागतात, ब्रिटनमध्ये सहा वर्षांनी. आपल्याकडे मात्र क्रेडिट माहिती कंपन्यांसाठी २००५ चा कायदा आहे, आणि त्याखालच्या नियमांनुसार माहिती ‘किमान’ सात वर्षं जपायची आहे. म्हणजे सात वर्षांच्या आत ती टाकून देता येत नाही. त्यानंतर ती काढलीच पाहिजे, असं बंधन नाही. शिवाय खातं उघडंच असेल तर बँक त्याची माहिती पाठवत राहते. तुमचं कर्ज जुनं झालं, पण त्याची नोंद दर वेळी ताजी होते. तारखेकडे डोळे लावून बसलेल्या माणसाचं नुकसान होतं ते इथे.

तुमचा अहवाल काढून समोर ठेवा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. त्यात ३०० ते ९०० मधला गुणांक सगळ्यांत वर असतो आणि सगळे तिथेच थांबतात. तुम्ही खाली जा. प्रत्येक कर्जाखाली महिन्यांचे छोटे चौकोन दिसतील, जास्तीत जास्त ३६. वेळेवर हप्ता गेला तर ‘०००’, उशीर झाला तर तितक्या दिवसांचा आकडा. नव्वद दिवसांच्या पुढे गेलं की बँकेच्या लेखी खातं बुडीत वर्गात जातं. त्याच्या आसपास खात्याची स्थिती लिहिलेली असते. तुमच्याकडे बहुधा ‘रिटन ऑफ’ असेल. याचा अर्थ बँकेनं आपल्या ताळेबंदातून रक्कम काढली, तुम्हाला माफ केली नाही.

आता दुसरं घड्याळ, कोर्टाचं. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे अशा विनातारण कर्जासाठी दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. त्या काळात तुम्ही सहीनिशी लेखी कबुली दिली असेल, किंवा काही रक्कम भरल्याची लेखी नोंद असेल, तर तिथून मुदत पुन्हा मोजतात. मुदत गेली तर दावा चालत नाही, पण देणं उरतंच आणि क्रेडिट अहवालातली नोंदही उरते. या दोन घड्याळांची गल्लत करू नका. एक गोष्ट जरूर तपासा : बँकेनं त्या तीन वर्षांत दावा लावून हुकूमनामा मिळवला होता का? गिरणी सुटल्यावर पत्ता बदललेल्या माणसाविरुद्ध एकतर्फी निकाल लागणं अगदी नेहमीचं आहे, आणि हुकूमनाम्याची अंमलबजावणी बारा वर्षांपर्यंत मागता येते. आणि मुदत संपलेली असली तरी ‘मी अमुक रक्कम देईन’ अशा कागदावर सही केलीत, तर करार कायद्याच्या कलम २५ (३) खाली तो नवा करार होतो. म्हणून म्हटलं, घाईनं सही नको.

पहिलं पत्र बँकेला लिहा : खातं आज कोणाकडे आहे? अशी कर्जं पुष्कळदा मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकली जातात. बँकेकडेच असेल तर फोन करणाऱ्याला वसुलीचा अधिकार दिल्याचं पत्र मागा. मुद्दल, व्याज आणि दंड यांचा वेगवेगळा हिशेब मागा. तो हाती आला की दंड आणि व्याजात सूट मिळवायला बसा. जुन्या खात्यांवर बँका बऱ्याचदा ऐकतात.

चाळीस हजारांत मिटवणं मोहाचं आहे. तसं मिटवलंत तर नोंद ‘सेटल्ड’ अशी होते, म्हणजे पुढच्या बँकेला कळतं की पूर्ण रक्कम आली नाही. घरकर्ज देणारा अधिकारी हा शब्द दिसताच फाइल बाजूला ठेवतो. तुम्हाला घर घ्यायचं आहे, तर माझं स्पष्ट मत : थोडं थांबा, पैसे जमवा, पूर्ण भरा आणि ‘क्लोज्ड’ किंवा ‘पोस्ट राइट-ऑफ क्लोज्ड’ अशी नोंद होईल हे पैसे देण्याआधी लिहून घ्या. पैसे, कर्ज ज्या बँकेकडे किंवा कंपनीकडे आहे तिच्या खात्यातच भरा, माणसाच्या हातात किंवा त्याच्या यूपीआयवर कधीच नाही. मग नो ड्यूज सर्टिफिकेट घ्या आणि जपून ठेवा. खातं बंद झालं की मागची काळी नोंद लगेच निघत नाही, पण नवी पडायची थांबते. तिचं वजन कमी व्हायला सुरुवात होते ती तेव्हापासून. मधल्या काळात मुदतठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घेऊन किराण्यापुरतं वापरा आणि बिल वेळेवर पूर्ण भरा.

बंद झालेलं खातं महिन्याभरानंतरही थकीत दिसलं तर क्रेडिट कंपनीकडे तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुमचा हक्क आहे. एप्रिल २०२४ पासून तो लागू झाला. तरीही हललं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही फुकट. एजंट आठ हजारांत यापेक्षा जास्त काही करू शकत नाही. खरी असलेली नोंद तो काढू शकत नाही.

पोलिसांचं म्हणाल, तर हप्ता थकणं ही दिवाणी बाब आहे. दिलेला चेक वटला नाही तर गोष्ट वेगळी. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. फोनच्या वेळा टिपून ठेवा आणि तक्रार बँकेकडे लेखी द्या.

प्रश्न : वडील गेले. त्यांचं क्रेडिट कार्ड थकलेलं होतं. माझं सिबिल बिघडेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार नसाल, तर नाही. नोंद वडिलांच्या पॅनवर आहे. बँक वसुली मागू शकते ती वडिलांकडून तुम्हाला मिळालेल्या मालमत्तेपुरती. वडिलांचं ऋण मुलानं फेडलंच पाहिजे, हा जुना हिंदू कायद्याचा नियम २००५ च्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांना लागू नाही. मृत्यूचा दाखला जोडून बँकेला कळवा आणि पोच घ्या. कार्डावर विमा होता का, तेही त्याच पत्रात विचारा. काही कार्डांवर असतो.