व्हायरल लोड सापडत नाही, मग हृदयाला धोका का?

प्रश्न : माझं वय ४६. मला एचआयव्ही आहे. अनेक वर्षं एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणारी औषधं) नियमित घेतो. व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूंचं प्रमाण) सापडत नाही, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) पण चांगला आहे. तरी डॉक्टर स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध) सुरू करायला सांगतात. एआरटीनेच रक्तवाहिन्या खराब होत असतील, तर ती मधूनमधून बंद ठेवू का? – एक वाचक

उत्तर : एआरटी मुळीच बंद करू नका. ‘स्मार्ट’ या चाचणीत ५,४७२ जणांपैकी निम्म्यांची औषधं सीडी४ पाहून थांबवली जात आणि पुन्हा सुरू केली जात. २००६ मध्ये ही चाचणी आवरती घ्यावी लागली, कारण त्या गटात मृत्यू वाढले आणि हृदयविकारही.

काही जुन्या औषधांनी कोलेस्टेरॉल वाढतं, हे खरं. पण मूळ दुखणं वेगळं आहे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच एचआयव्ही आतड्याच्या अस्तरातल्या सीडी४ पेशींचा फडशा पाडतो. पुढे औषधांनी विषाणू दबला, तरी ते अस्तर पूर्ण सांधत नाही. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात आणि शरीरात मंद दाह चालू राहतो. त्याची झळ रक्तवाहिनीच्या आतल्या, जेमतेम एका पेशीएवढ्या जाडीच्या थराला बसते. तो दुखावला की कोलेस्टेरॉल आत शिरतं, पांढऱ्या पेशी ते गिळून तिथेच अडकतात आणि चरबीचा साठा वाढत जातो. म्हणून तुमच्यासारख्यांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या दीड ते दोन पट असतो.

आता स्टॅटिनविषयी. ‘रिप्राइव्ह’ चाचणीत ४० ते ७५ वयाचे, एचआयव्हीवर उपचार घेणारे ७,७६९ जण होते, त्यांत भारतातलेही. हृदयविकाराचा धोका वरवर कमीच दिसणारी ही माणसं. रोज ४ मिलिग्रॅम पिटाव्हास्टॅटिन घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात अशा घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. हा निकाल २०२३ चा. तेव्हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे.

मात्र स्वतःच्या मनाने दुकानातून स्टॅटिन आणू नका. एआरटीत रिटोनाविर असेल, तर सिमव्हास्टॅटिन रक्तात साचून स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. प्रत्येक डॉक्टरला आपली सगळी औषधं दाखवा. तंबाखू, बिडी, मिश्री सोडा. रक्तदाब आणि साखर तपासत राहा.

छातीत दाब आला, घाम फुटला, तर ‘एचआयव्ही आहे हे कळेल’ या संकोचाने घरी थांबू नका. २०१७ च्या कायद्यानुसार एचआयव्हीमुळे कोणतंही रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही. तो तुमचा हक्क आहे.