सुधारलेला खलनायक व पाहणाऱ्याची क्षमा

दूरदर्शनावरील गोष्टींत आरंभीं दुष्ट असलेलें एखादें पात्र पुढें सुधारतें, आणि पाहणारांत वाद उपस्थित होतो कीं, ह्याच्या मागील अपराधांची क्षमा करावी कीं नाहीं? प्रश्न करमणुकीचा दिसतो. परंतु काल्पनिक अपराध्याविषयीं आपण जसा न्याय करितों, तसाच शेजाऱ्याविषयींही करावयास शिकतों. म्हणून एक उदाहरण घेऊं.

उदाहरण.— अमेरिकेंत निकलोडियन वाहिनीवर २००५ पासून २००८ पर्यंत ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’ नांवाची ६१ भागांची चित्रमालिका दाखविण्यांत आली. तींत अग्निराष्ट्रानें शंभर वर्षें इतर राष्ट्रांशीं युद्ध चालविलें आहे. तेथील राजपुत्र झुको १३ वर्षांचा असतां, नव्या शिपायांचा मुद्दाम बळी देण्याच्या बेतास भर सभेंत विरोध करितो. त्याबद्दल त्याचा बाप ओझाई त्याचें तोंड भाजतो व त्यास हद्दपार करितो. आणि आंग नांवाच्या मुलास, म्हणजे त्या गोष्टींतील अवतारास, पकडून आणल्यासच परत येण्याची मोकळीक देतो. तेव्हांपासून झुको आंगचा पाठलाग करितो, व त्या भरांत एका निरपराध गांवास आग लावितो.

आंगच्या सोबत्यांत कटारा नांवाची मुलगी आहे. तिची आई अग्निराष्ट्राच्या माणसानें मारिलेली असते. तरी २००६ सालच्या एका भागांत ती झुकोच्या तोंडावरील व्रण बरा करावयास सिद्ध होते. त्यानंतर थोड्याच वेळानें तो आपल्या क्रूर बहिणीच्या पक्षास मिळतो, आणि त्याच्यावर पित्याप्रमाणें प्रेम करणारा चुलता आयरोह कैदेंत पडतो. पुढें तो आंगवर मारेकरीही घालितो. शेवटीं मात्र बापास तोंडावर दोष देऊन तो राजवाडा सोडितो. आतां तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या.

१. दया म्हणजे क्षमा नव्हे.— पुष्कळ पाहणारे म्हणतात, “बिचाऱ्यानें लहानपणीं फार सोसलें.” हें खरें आहे, परंतु बापानें त्यास भाजलें, म्हणून त्यानें लाविलेली आग थंड होत नाहीं. दुःखानें अपराधाचें कारण समजतें. अपराध फिटत नाहीं.

२. क्षमा करणें हें ज्यास इजा झाली त्याचें काम आहे.— आपलें घर जळलें नाहीं, आपला विश्वास कोणीं मोडला नाहीं. मग आपण कशाची क्षमा करणार? झुको आंगकडे येतो तेव्हां कटाराचा राग सर्वांत अधिक टिकतो. पुष्कळांस ती कठोर वाटते. परंतु तिनें दाखविलेली दया त्यानें एकदां पायांखालीं तुडविली होती. ती पुढें त्यास क्षमा करिते, ती कोणी भरीस घातल्यामुळें नव्हे, तर त्याचें वागणें पाहून. तिच्या आईस मारणारा यॉन रा सांपडतो, तेव्हां तो जीव वांचविण्यासाठीं आपलीच म्हातारी आई देऊं करितो. कटारा त्यास जिवंत सोडिते. पण त्यास क्षमा केली नाहीं, असें स्पष्ट सांगते. सूड न घेणें व क्षमा करणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें येथें दिसून येतें.

३. पाहणाऱ्यानें पश्चात्तापाची पारख करावी.— झुको आपले अपराध झाकीत नाहीं. मित्र म्हणून नको असेन तर कैदी म्हणून घ्या, असें म्हणून तो गुडघे टेकतो. त्याच्यावर संशय घेतात, तो सोसतो. राजपुत्राचा मान सोडून तो युद्ध थांबविण्याच्या कामास लागतो, आणि शेवटीं कटारावर येणारी वीज आपल्या अंगावर घेतो. चुलत्यापुढें तो रडत क्षमा मागूं लागतो, तों बोलणें पुरें होण्यापूर्वींच आयरोह त्यास पोटाशीं धरितो. जक्कयानेंही नुसते अश्रू गाळले नाहींत. ज्यांचें अन्यायानें घेतलें त्यांस चौपट परत देण्यास तो सिद्ध झाला.

लागू करणें.— आपल्या गांवांतही असा मनुष्य परत येतो. कोणी दारूच्या नादानें बायकोस मारलें असेल, कोणी भावाची जमीन लाटली असेल. तो सुधारला असें दिसलें, कीं आपण चारचौघे त्या बायकोस किंवा त्या भावास म्हणतों, “झालें गेलें विसरा.” ज्यांचें कांहीं गेलें नाहीं त्यांस असें बोलणें फार स्वस्त पडतें. क्षमा करण्याची आज्ञा आपणां सर्वांस आहे, हें खरें. परंतु ती दुसऱ्याकडून ओढून घेण्याची आज्ञा कोणास नाहीं. आपलें काम वेगळें आहे: परत आलेल्यास काम द्यावें, पंगतींत बसवावें, त्याचा चांगुलपणा दिसेल तेथें त्याची साक्ष द्यावी, जमीन परत करावयास त्यास लावावें, आणि जिचें मन दुखावलें तिला वेळ द्यावा व ती सुरक्षित आहे कीं नाहीं हें पाहावें.

विचारण्याचे प्रश्न.—
(१) दया व क्षमा ह्यांत भेद काय?
(२) कटारानें झुकोस क्षमा केली व यॉन रा ह्यास केली नाहीं, ह्याचें कारण काय?
(३) ज्यास इजा झाली नाहीं त्यानें परत आलेल्या अपराध्याशीं कसें वागावें? आणि ज्याचें नुकसान झालें त्याच्याशीं कसें?