बर्थवरचं नाव बदलू नकोस

उधना, सुरत
ता. 24 नोव्हेंबर 2025

चि. सौ. बेबीस फुईचे अनेक आशीर्वाद.

एकाच गावात राहून म्हातारी पत्रं काय लिहिते, असं म्हणशील. पण फोनवर तू नुसतं ‘हो फुई, हो फुई’ करतेस आणि तेवढ्यात तुझं दूध उतू जातं. म्हणून कागद घेतला.

काल भाजी घेताना तुमच्या शाळेतल्या बाई भेटल्या, रामेश्वरला निघालेल्या तुम्हा चौघींतल्याच. मी विचारलं, झाली का रामेश्वरची तयारी? तर म्हणाल्या, बेबीताई बहुतेक येत नाहीत. सूनबाईची रजा संपतेय, नातू लहान आहे. तिकीट वाया जायला नको म्हणून धाकट्या बहिणीचं नाव घालणार आहेत. माय वं! घेतलेली कोथिंबीर मी तिथंच विसरून आले.

पक्क्या तिकिटावरचं नाव गाडी सुटायच्या 24 तास आधी अर्ज देऊन घरच्या माणसाच्या नावे करता येतं, हे मलाही ठाऊक आहे. तो नियम अडलेल्या माणसासाठी आहे. कुणी आजारी पडलं, कुणाला सुट्टी मिळाली नाही, त्याच्यासाठी. तुझं काय अडलंय? धाकटीला पाठवायचंच असेल तर तिचं वेगळं तिकीट काढ, हवं तर पैसे मी देते. तुझं नाव मात्र जिथं आहे तिथंच राहू दे.

निरोपाच्या दिवशी शाल-नारळ हातात घेऊन, शाळेतल्या सगळ्या पोरांसमोर तूच बोललीस ना, की आयुष्यभर शिकवलेला भूगोल आता बघायला निघणार? लिंबायत-पांडेसऱ्यातली मराठी पोरं तुझ्यापुढं बसायची. त्यांना तू पांबनचा 1914 चा पूल शिकवलास, 1964 च्या डिसेंबरातलं वादळ आणि धनुष्कोडीची ती वाहून गेलेली गाडी शिकवलीस. यंदा रामनवमीला नवा पूल सुरू झाला, तेव्हा मधला 72.5 मीटरचा गाळा सरळ वर कसा उचलतात आणि खालून बोट कशी जाते, हे मला हातवारे करून कुणी सांगितलं? तेव्हा तुझे डोळे कसे झाले होते ते मी बघितलंय. आणि आता म्हणतेस बहिणीचं नाव घालते.

त्या बाईंनी तुझं आणखी एक वाक्य सांगितलं, त्याचा मला जास्त राग आला. म्हणे, नाथमहाराजांनी रामेश्वरला न्यायची गंगेची कावड तहानेल्या गाढवाला पाजली, तिथंच त्यांना रामेश्वर पावला. मलाही नातवात पावेल. अगं, पण नाथ निघाले तरी होते! कावड खांद्यावर होती, अर्धा रस्ता चालून झाला होता, म्हणून तर गाढव भेटलं. घरात बसून कावड कसली पाजतेस? तुला सुनेची काळजी आहे तर बाळाला सांभाळायला बाई बघ, मुलाला आठ दिवस रजा टाकायला सांग. ते सोडून स्वतःचं तिकीट देऊन टाकायचं म्हणजे खरोखरच आग रामेश्वरी नि बंब सोमेश्वरी.

खर्चाचं म्हणशील तर तुझं नशीब थोडं हुकलंच. अठ्ठावन्न झालेल्या बाईला अर्ध्या पैशात तिकीट मिळायचं, ते मार्च 2020 मध्ये करोनात बंद झालं आणि परत काही सुरू झालं नाही. पण तुझा फंड कशासाठी आहे? आणि एक चूक तुम्ही चौघींनी केलीत ती सांगते. एकाच तिकिटावर चार नावं घातलीत म्हणे. पंचेचाळीस ओलांडलेल्या बाईला खालच्या बर्थचा कोटा असतो, पण तिकिटावर एक किंवा दोनच नावं असली तर. दोन-दोन नावांची दोन तिकिटं काढली असतीत तर तुझ्या गुडघ्याची सोय झाली असती. आता गाडीत टीसीला हात जोडा, नाहीतर एखाद्या तरुण पोराला सांगा. पोरं ऐकतात. बाईंचा आवाज आहे ना तुझा?

माझंही सांगते, कधी सांगितलं नव्हतं. तू शाळेत होतीस तेव्हा आमच्या गल्लीतल्या बायकांनी रामेश्वर ठरवला होता. मी पैसे भरले होते. मग नाव काढून घेतलं. सगळ्यांना वाटलं, सासूबाईंनी अडवलं. कुणी अडवलं नव्हतं गं. तुझे फुवा तर जा म्हणत होते, कामावरून येऊन भात लावीन म्हणाले. मलाच वाटायचं की मी गेले तर या घराचं कसं होईल. तो ताठाच होता, त्याला मी माया म्हणत राहिले. बायका परत आल्या, तीर्थ घेऊन दारात आल्या, आणि मी हात ओले आहेत म्हणून आत गेले. घराचं काय, माझ्याशिवायही ते छान चाललं असतं. हेच मला तेव्हा ऐकायचं नव्हतं.

आपल्या घरातल्या बायका गाडीत बसल्या त्या बाळंतपणाला, लग्नाला, नाहीतर मयतीला. 1994 च्या प्लेगात अर्धं सुरत स्टेशनावर लोटलं, तेव्हा आपणही तोंडाला फडकी बांधून अमळनेर गाठलंच की. तू डब्यात उभी होतीस, मांडीएवढ्या जागेसाठी भांडत होतीस. बघायला म्हणून, नुसतं बघायला म्हणून आपल्यातली एकही बाई अजून गाडीत चढलेली नाही. तुझ्या आईचं तर भुसावळच्या पुढचं जग बघायचं राहूनच गेलं.

जास्तच बोलले. तू वाईट वाटून घेऊ नकोस. तुझा नातू मलाही गोड लागतो, आणि सुनेला हातभार लावायची तुझी तळमळ मला कळते. आमच्याकडची सूनबाई म्हणाली, आठवड्यातले तीन दिवस बाळाला इकडं आणून सोडा. मी बसल्या जागी पाळणा हलवीन, तेवढं जमतं मला.

तुमची गाडी, नवजीवन एक्सप्रेस, मध्यरात्रीनंतर येते. सुरत स्टेशनाचं काम चालू आहे, कितीतरी गाड्या इकडं उधन्याला वळवल्यात, तर कुठून चढायचं ते आदल्या दिवशी बघून ठेव. उधन्याहून असेल तर संध्याकाळी जेवायलाच माझ्याकडे ये. नवापूर अंधारातच जाईल. त्या फलाटाचं एक टोक गुजरातेत, एक महाराष्ट्रात, हे पोरांना सांगायचीस ना, जाग असली तर बघ. अमळनेरही अंधारातच. जळगाव-भुसावळकडं उजाडेल, मग दिवसभर खिडकी आहे: अकोला, वर्धा, बल्लारशाचं जंगल. चेन्नईला सेंट्रलवर उतरलात की रामेश्वरची गाडी तिथून नाही, एग्मोरला जावं लागेल. सामान कमी घ्या. जानेवारी निवडलात ते बरं केलंत, तिकडचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. परतताना नागरकोविलहून कोकणातल्या गाडीनं या. ती आठवड्यातून एकदाच असते, तेव्हा तारीख चुकवू नका. रत्नागिरीजवळ पानवलचा उंच पूल येतो, तिथं झोपू नकोस.

दशम्या मी करून देईन, दुधात भिजवलेल्या, शेंगदाण्याची चटणीही. चौघींना पुरतील एवढ्या. पण डबा तुझ्या हातात देणार, बहिणीच्या नाही.

नाव बदलायचा अर्ज लिहिला असशील तर फाडून टाक. रागावली असलीस तरी एक फोन कर, दूध उतू गेलं तरी चालेल. येताना माझ्यासाठी काही आणू नकोस. आल्यावर दोन दिवस माझ्याकडे राहा. लहानपणी लावायची तसं डोक्याला तेल लावून देईन, आणि तू सगळं पहिल्यापासून सांग.

तुझी
फुई