शेवटाच्या पुढे खेळ

अगं, माळ्यावरच्या खोक्यात जुना गेमबॉय ॲडव्हान्स सापडला आणि त्यात 'ॲस्ट्रो बॉय: ओमेगा फॅक्टर'ची कॅसेट अजून तशीच होती, हे वाचून मला किती आनंद झाला म्हणून सांगू! पण तुझ्या मेसेजमधलं पुढचं वाक्य मनात घर करून बसलं. "खेळावंसं वाटतंय ताई, पण भीती वाटते. तेव्हा जीव टाकला होता त्या गेमवर, आता पोरकट वाटला तर?" या भीतीपायी कितीतरी जणी आपल्या आवडत्या गोष्टी कायमच्या खोक्यात ठेवून देतात. तू तसं करू नयेस म्हणून हे लिहितेय.

आधी हाताशी असलेल्या कामाचं बोलू. कॅसेट चालली नाही की आपण सगळ्या फुंकर मारायचो, आठवतं? आता ते नको. तोंडातली वाफ त्या पिवळ्या पट्ट्यांवर बसते आणि त्यांना गंज चढतो. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लाव, पट्ट्यांवरून हलक्या हाताने फिरव आणि पूर्ण वाळू दे. गेमबॉयच्या बॅटरीच्या कप्प्यात जुने सेल राहिले असतील तर ते आधी काढ. पाझरले असतील तर तेही स्वच्छ कर. आणि पहिल्या मॉडेलच्या पडद्याला स्वतःचा उजेड नाही हे तू विसरली असशील. खिडकीशी मान वाकडी करून खेळावं लागतं. मानेचं दुखणं ओढवून घेण्यापेक्षा एखादा डीएस लाइट मिळतो का बघ. त्यात खालच्या खाचेत गेमबॉय ॲडव्हान्सची कॅसेट बसते आणि पडदाही उजळ असतो. डीएसआय मात्र घेऊ नकोस, त्यात ती खाचच नाही. आणि कधी दुसरी कॅसेट विकत घ्यायची वेळ आली तर खालच्या फटीतून आत बघ. अस्सल कॅसेटच्या पाटीवर पट्ट्यांच्या वर 'निन्टेंडो' असं छापलेलं दिसतं. नकली माल फार फिरतो गं, आणि नकलीत खेळलेला खेळ नीट सेव्ह होईलच याची खात्री नसते.

आता मुख्य गोष्ट. लहानपणी तू हा गेम जिथे संपला म्हणून बंद केलास, तिथे तो संपत नाही. तुझ्या बोलण्यावरून मला तरी असंच वाटतंय की तू फक्त पहिला भाग खेळलीस. ॲस्ट्रो लढत लढत शेवटापर्यंत जातो आणि तरीही ज्यांना वाचवायचं त्यांना वाचवू शकत नाही. तिथे मन खट्टू होतं, नावांची यादी सरकते आणि आपण गेम बाजूला ठेवतो. पण खरी गोष्ट तिथूनच सुरू होते. अग्निपक्षी येतो, ॲस्ट्रोला पुन्हा उभं करतो आणि काळात मागेपुढे जायची ताकद देतो. आता तू कुठल्याही लेव्हलमध्ये परत जाऊ शकतेस. फरक एवढाच की पुढे काय होणार हे ॲस्ट्रोला माहीत असतं, आणि भेटणाऱ्या बाकीच्यांना ते माहीत नसतं. त्याच रस्त्यावर तोच माणूस भेटतो, पण या वेळी ॲस्ट्रो त्याला वेगळं काही सांगू शकतो, वेगळ्या वेळी पोचू शकतो. आणि त्याने गोष्ट बदलते.

म्हणून तुला म्हणते, घाबरू नकोस. जुन्या गेममध्ये तेव्हाची आपण शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही, कारण ती मुलगी तिथे नसतेच. पण आज जे कळतं ते बरोबर घेऊन गेलो, तर त्याच जागी तेव्हा न दिसलेलं दिसतं. बनवणाऱ्यांनी हा गेम रचलाय तोच मुळी या विचारावर. परत जायचं ते बदलायला.

बनवणारे कोण, तेही सांगते, कारण त्यावरून खेळायची रीत कळते. जपानमध्ये हा गेम डिसेंबर 2003 मध्ये आला, अमेरिकेत 2004 मध्ये. प्रकाशक सेगा. बनवला ट्रेझर आणि हिटमेकर या दोघांनी मिळून. ट्रेझर ही 1992 साली कोनामीतून बाहेर पडलेल्या लोकांनी काढलेली छोटी कंपनी, 'गनस्टार हीरोज'वाली. समोरून, वरून, खालून हल्ले होत असताना बोटांना विचार करायला लावणं ही त्यांची खासियत. म्हणून हा गेम नुसतं बटण दाबत सुटलीस तर तुला चोपून काढेल. 240 बाय 160 ठिपक्यांच्या त्या चिमुकल्या पडद्यावर आडव्या-उभ्या दोनच दिशा आहेत, पण त्यात किती जागा असते बघ. शत्रूला लाथ घालून वर उडव, तो मागच्या दोघांवर जाऊन आदळतो आणि तिघांनाही मार बसतो. म्हणजे प्रत्येकाला वेगळं मारायची गरजच नाही, कोणाला कुठे फेकायचं हे ठरवायचं. गोळ्यांची फैर आली की मागे पळू नकोस, नेमक्या क्षणी डॅश मारून त्यातूनच पलीकडे निघून जा. बोटातला लेझर सरळ रेषेत जातो, तो एका ओळीत उभ्या असलेल्यांसाठी ठेव. कमरेतली मशीनगन आणि हातातली तोफ या मोजक्याच वेळा मिळतात, त्या बॉससाठी राखून ठेव. अशी लढत एकदा मनासारखी जमली ना, की कळेल, यात पोरकट काहीही नाही. हात आणि डोकं एकत्र चालण्याचा आनंद वयाने कमी होत नाही.

पण माझं मन बसलंय ते वेगळ्याच गोष्टीवर. बाकीच्या गेममध्ये ताकद वाढते ती शत्रू मारून. इथे ॲस्ट्रोची ताकद वाढते माणसं भेटून. कोणी नवा भेटला, ॲस्ट्रोला त्याचं काहीतरी कळलं, की त्याचा चेहरा ओमेगा फॅक्टरच्या तक्त्यात जाऊन बसतो आणि तुला एक शक्ती वाढवता येते. लाइफ, मुक्का, लेझर, गोळ्या, जेट की सेन्सर, निवड तुझी. या निवडीबद्दल ताईचं एक ऐक. सगळ्या मुली आधी मुक्का वाढवतात. तू सेन्सरकडे लवकर लक्ष दे. आडबाजूला दडलेली माणसं त्याने सापडतात आणि प्रत्येक माणूस म्हणजे पुढची एक शक्ती. मग जेट वाढव, म्हणजे हवेत जास्त वेळ टिकशील. मुक्का मागाहून वाढला तरी चालतो. आणि संवाद आला की बटण दाबून पुढे पळू नकोस गं. लहानपणी आपण वाचायचोच नाही, लढाई कधी सुरू होते याची घाई असायची. आता वाच. दुसऱ्या भागात कोणाला केव्हा भेटायचं याचे दुवे त्या बोलण्यातच असतात.

ही माणसं कुठून आली हे कळलं की गेम दुप्पट आवडेल. ओसामू तेझुका हे नाव तू ऐकलं असशील. गौतम बुद्धांच्या आयुष्यावर 'बुद्ध' नावाची मोठी मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, मालिका काढणारे तेच. 1928 साली जन्मले, डॉक्टरकीचं शिक्षण घेतलं आणि आयुष्यभर चित्रं काढली. ॲस्ट्रो बॉयची मांगा 1952 ते 1968 अशी मासिकातून चालली. 1963 च्या 1 जानेवारीला तिचं ॲनिमेशन जपानी टीव्हीवर सुरू झालं. गोष्ट तुला ठाऊक आहे. डॉक्टर तेन्माचा मुलगा अपघातात जातो, तो त्याच्यासारखा रोबो बनवतो, आणि हा पोरगा कधी मोठा होणार नाही हे लक्षात आल्यावर त्याला सर्कसला विकून टाकतो. लहानपणी आपण त्याच्या एक लाख अश्वशक्तीवर फिदा होतो. पण मांगात त्याच्या सात शक्तींपैकी एक आहे समोरच्याचं मन चांगलं की वाईट हे ओळखण्याची. तेझुकांना ती ताकदीइतकीच महत्त्वाची वाटली, हे मला मोठेपणी कळलं आणि गेममधला तो चेहऱ्यांचा तक्ता तेव्हा उलगडला.

तेझुकांची आणखी एक पद्धत होती. जुन्या नाटक कंपनीत जसे ठरलेले नट आज राजा, उद्या चोर होऊन येतात, तशी त्यांची पात्रं एका मांगातून दुसऱ्या मांगात नव्या भूमिका घेऊन यायची. ट्रेझरच्या लोकांनी ही सगळी मंडळी या एका गेममध्ये बोलावली. परवाना नसलेला सर्जन ब्लॅक जॅक इथे भेटतो. कपाळावर पट्टी लावून तिसरा डोळा झाकलेला शाराकु भेटतो. त्याच्याकडे नीट लक्ष ठेव, एवढंच सांगते. रॉक भेटतो, डोक्याच्या मागे मेणबत्ती असलेला लॅम्प भेटतो. आणि अग्निपक्षी म्हणजे तर तेझुकांनी आयुष्यभर काढलेल्या आणि 1989 मध्ये त्यांच्या जाण्याने अपुरी राहिलेल्या मांगाचा नायक. जन्म, मरण, पुन्हा जन्म हाच त्या मांगाचा गाभा. ॲस्ट्रोला परत पाठवायचं काम या पक्ष्याकडेच द्यावं, हे बनवणाऱ्यांनी किती समजून केलंय बघ.

गेमची तारीखही सहज आलेली नाही. मांगानुसार ॲस्ट्रोचा जन्म 7 एप्रिल 2003 चा. तेझुकांनी पन्नासच्या दशकात कल्पिलेली तारीख खरोखर उजाडली, त्या वर्षी नवं ॲनिमेशन आलं आणि त्याच वर्षी हा गेम. त्याचं जपानी नावच ॲस्ट्रोच्या हृदयाच्या रहस्याबद्दल आहे.

आता खरं सांगायचं तर सगळं गोड नाही. पडद्यावर गर्दी झाली की गेम रेंगाळतो, हालचाल जड होते. उडत गोळ्या झाडायच्या लेव्हल जमिनीवरच्या मारामारीइतक्या रंगत नाहीत. आणि दुसऱ्या भागात एकच लेव्हल पुन्हा पुन्हा खेळावी लागते तेव्हा कंटाळा येतो, पुढे कुठे जायचं हेही कधी कधी कळत नाही. तिथे सोडून देऊ नकोस. एक छोटी वही घे. कोण कुठे भेटला, काय म्हणाला, कोणाला वाचवायचं राहिलं, हे लिहून ठेव. अडलीस तर इंटरनेटवर बघितलंस तरी काही बिघडत नाही. हा गेम आपल्याला परीक्षेला बसवत नाही, माणसं शोधायला पाठवतो.

आणि वेळेचं म्हणशील, तर जेवणानंतरचा अर्धा तास पुरे. एका बैठकीत एक लेव्हल, बस. नोकरी, घर, सगळं सांभाळून आपल्यासाठी अर्धा तास ठेवला तर त्यात चोरल्यासारखं वाटायचं काही कारण नाही. कोणी विचारलं, "या वयात गेम?" तर शांतपणे हो म्हण. आपण जे जीव लावून केलं, ते आपलंच असतं. त्याकडे पुन्हा जायला कोणाची परवानगी लागत नाही.

तर असं कर. जुना सेव्ह अजून टिकला असेल तर तो पुसू नकोस, शेजारच्या जागेत नवा सुरू कर. नॉर्मलवर खेळ, सेन्सर वाढव, संवाद वाच. पहिला शेवट येईल, ॲस्ट्रो हरेल, वाईट वाटेल, वाटू दे. नावांची यादी सरकून गेल्यावर मात्र गेम बंद करू नकोस. पुढे चाल, पहिल्याच लेव्हलमध्ये परत जा आणि तिथे भेटलेल्या प्रत्येकाशी पुन्हा बोल. या वेळी तुला माहीत असेल त्यांच्यापैकी कोणावर काय वेळ येणार आहे. त्यातल्या पहिल्याला वाचवलंस की मला फोन कर, रात्र झाली असली तरी चालेल. कोणाला वाचवलंस ते मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.