धूर मोजायचा कसा?

मुलांनो, सोलापूरची चादर सगळीकडे प्रसिद्ध आहे. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतून चादरी आणि टॉवेल ट्रकमध्ये भरून बाहेर पडतात. हे ट्रक डिझेलवर चालतात. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा चाचा ट्रक चालवत असतील, तर त्यांच्याकडे 'पीयूसी'चा कागद असेल. त्या कागदासाठी धूर, म्हणजे उर्दूतला धुआँ, कसा मोजतात हे तुम्ही पाहिले आहे का?

गाडी उभी असते. गिअर टाकलेला नसतो. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर जोरात दाबतो आणि सायलेन्सरमधला धूर यंत्रात जातो. यंत्रात एका बाजूने प्रकाश सोडतात. धूर जितका काळा, तितका प्रकाश जास्त अडतो. त्यावरून गाडी पास की नापास, ते ठरते. तपासणी सोपी आहे, स्वस्तही आहे. पण रस्त्यावर ट्रक असा रिकामा उभा नसतो. तो माल घेऊन चढ चढतो, सिग्नलला थांबतो, पुन्हा सुटतो. शिवाय धुरातील नायट्रोजनचे ऑक्साइड या यंत्राला कळतच नाहीत. फुप्फुसांना मात्र ते चांगलेच कळतात!

मग काय करायचे? प्रयोगशाळाच गाडीवर चढवायची. सायलेन्सरला नळी जोडतात, वायू मोजणारी यंत्रे गाडीत ठेवतात आणि गाडी रोजच्यासारखी चालवतात. क्षणाक्षणाला किती वायू बाहेर पडला, याची नोंद होते. पुण्यातील 'ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया' या संस्थेत अशी मोजणी होते.

या मोजणीने एक मोठी लबाडी उघड केली. २०१३ मध्ये अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी फोक्सवॅगन कंपनीच्या डिझेल मोटारी रस्त्यावर तपासल्या. एका मोटारीतून मर्यादेच्या १५ ते ३५ पट नायट्रोजन ऑक्साइड निघत होते. प्रयोगशाळेत मात्र तीच मोटार पास! तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करण्याची युक्ती मोटारीत बसवली होती. कंपनीने २०१५ मध्ये ते कबूल केले.

लबाडी नसली तरी फरक पडतो. 'बीएस-६' प्रकारच्या नव्या ट्रकमध्ये धुरावर युरियाचे द्रावण फवारून हे ऑक्साइड कमी करतात. त्यासाठी धूर सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला लागतो. पुण्याच्या महामार्गावर तो सहज तापतो. पण नव्या पेठेत दुकानादुकानाशी थांबणाऱ्या गाडीचा धूर तेवढा तापत नाही. म्हणजे जिथे माणसांची दाटी, तिथेच हा उपाय लंगडा पडतो.

१ एप्रिल २०२३ पासून भारतात नव्या गाड्यांसाठी रस्त्यावरील मोजणी नियमात आली. जुन्या ट्रकांना मात्र उभ्या गाडीचाच कागद मिळतो.