फवारणीआधी मातीत बोट घाल

अगं, पान पिवळं दिसलं की लगेच औषधाची बाटली काढू नकोस. कीड बहुतेक वेळा मागाहून येते, झाड आधीच दमलेलं असतं. आणि आपल्या टिळकवाडीत जून ते सप्टेंबर झाडं दमतात ती पाण्यानं. ऊन नाही, खिडक्या बंद, कपडेसुद्धा घरातच वाळत घातलेले. अशात उन्हाळ्याच्या सवयीनं रोज तांब्याभर पाणी ओतलंस तर मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही, म्हणून रोप मान टाकतं. ते बघून तू आणखी पाणी घालतेस! त्यापेक्षा मातीत दोन पेरं बोट घालून बघ की. ओलं लागलं तर पाणी नको. स्नेक प्लांटला भर पावसात पंधरा दिवस पाणी नाही दिलं तरी चालतं. ताटलीत साचलेलं मात्र ओतून टाक, डेंगीचे डास त्यातच होतात. कुंडीभोवती ती काळी चिलटं उडतात ना, त्यांच्या अळ्या ओल्या मातीत वाढतात. वरची माती सुकू दिलीस की तीही कमी होतात.

पिठ्या ढेकूण मात्र चिवट. देठ खोडाला मिळतो त्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात, खालची पानं चिकट होतात, मुंग्यांची रांग लागते. त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या ढेकणांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा पिठ्या ढेकूण सापडला आणि पुढं महाराष्ट्रातल्या बागांतही पोचला. नुसत्या फवारण्यांनी तो हटेना. शेवटी २०१० मध्ये पोर्तो रिकोहून त्याच्यावर जगणारे इवलेसे परजीवी कीटक आणून सोडले, तेव्हा कुठं आटोक्यात आला. आपल्या दिवाणखान्यात ते कुठून येणार? म्हणून हातानंच काढायचे. रोप आधी बाकीच्यांपासून लांब ठेव. सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा आधी एका पानावर लावून बघ, दुसऱ्या दिवशी पान ठीक असेल तर एकेक पुंजका टिपून घे. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्यांच्या लिक्विडचे चार थेंब घालून संध्याकाळी फवार, पानांच्या पाठीमागूनसुद्धा. अंडी एका फवाऱ्यात मरत नाहीत, तेव्हा दर आठवड्याला, असं तीन-चार वेळा तेवढं कर. शेतातली जहाल औषधं घरात अजिबात आणू नकोस, लेकरं वावरतात.

फेब्रुवारीनंतर हवा कोरडी पडली की लाल कोळी येतो. पानाखाली पांढरा कागद धरून टिचकी मार, पडलेले ठिपके चालायला लागले तर तोच. मोरीत नेऊन पानं खालून-वरून पाण्यानं धू, चार दिवसांनी परत. आणि नर्सरीतनं नवीन रोप आणलंस की पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेव, मग बाकीच्यांत मिसळ.